उजव्या गुडघ्याचा नवस

आमच्याकडे बाई रस्त्याने पळताना दिसली की लोक आधी विचारतात, कोण गेलं? बाईने पळायचं ते वासरू सुटलं म्हणून, एसटी निघाली म्हणून, नाहीतर घरात काही बरंवाईट झालं म्हणून. उगाच पळणारी बाई आमच्या गावाने पाहिलेली नव्हती. आणि मी तर एसटीत कंडक्टरला 'एक कामशेत' सांगायचं तरी आधी मनात म्हणून बघणारी. लग्नात पंगतीला बसले की भाजी संपली तरी मागत नाही, भात कोरडा खाते. अशा बाईला पळायचं वेड लागावं, हे माझं मलाच नवल वाटतं.

ते लागलं शेळीमुळे. दावं तोडून ती खाचरांच्या बांधावरून सुटली आणि मी तिच्या मागे. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हा पळायचे, त्यानंतर पळायचं असं काही कामच पडलं नव्हतं. शेळी ओढ्याजवळ सापडली, करवंदीच्या जाळीत शिंगं अडकवून उभी. मला वाईट वाटलं. शेळीसाठी नाही, पळणं संपलं म्हणून. छाती धडधडत होती, पदर कुठल्या कुठे गेला होता, आणि अंगातून असं काही छान वाहत होतं की मी शेळीला म्हटलं, "इतक्या लौकर कशाला गं सापडलीस?"

पण पळायचं कुठे? रस्त्यावर दूधवाले, कंपनीच्या बसला जाणारी माणसं, आणि शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या पुण्याच्या गाड्या. शेतात पळावं तर सगळी खाचरं, बांध हातभर रुंद. शेवटी जागा सापडली ती देवीच्या देवळात. गावदेवीच्या देवळाला चारी बाजूंनी उंच भिंत आहे आणि आत देवळाभोवती शहाबादी फरशीचा रस्ता. पहाटे तिथे गुरवआबा सोडून कुणी नसतं आणि आबांना लांबचं दिसत नाही. मी चपला पायरीशी काढायची, नमस्कार करायची, साडी खोचायची आणि देवीला उजवीकडे ठेवून फेऱ्या घालायला लागायची. आधी भरभर चालायची, मग नकळत पळायची.

पंधरा दिवसांत गावात झालं की हिने नवस बोललाय. नवस कशाचा ते कुणी विचारत नाही, कारण सांगितला की तो फळत नाही म्हणतात. म्हणजे मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. लाजऱ्या माणसाला याहून सोयीची जागा कुठली? दर्शनाला आलेल्या बाया मला वाट द्यायच्या. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली. मी पळत होते म्हणून तिला पाय काही धरता आले नाहीत.

असं वर्षभर चाललं. मग उजवा गुडघा दुखायला लागला. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, कुणी तापलेली सुई टोचावी तसा. चालताना काही नाही. पळायला लागलं की थोड्या वेळाने सुरू, आणि मग देवळाच्या पायऱ्या उतरताना मी भिंत धरून तिरकी तिरकी उतरायची.

ते पहिल्यांदा पाहिलं आमच्या जाऊबाईंनी. आमची घरं एका अंगणात. जाऊबाईंचा आवाज आमच्या अंगणातून निघतो तो थेट शाळेपर्यंत जातो.

"अगं, लंगडतीस का?"

"काय न्हाई, आक्का. जरा चमकलंय."

"देवीची सेवा करताना पाय दुखतो मंजी नवसात कायतरी खोट हाय बघ. काय राहिलंय का बोललेलं? खण, नारळ, कायतरी?"

नवसच नव्हता तर त्यात खोट कुठून निघणार?

पहिल्यांदा जाऊबाईंनी त्यांच्या माहेरची तेल लावणारी बाई आणली. तिने गुडघा दाबून बघितला, म्हणाली शीर चढलीय, आणि ती उतरवायला म्हणून पाय असा ओढला की मी ओरडले. आमच्या घरात माझं ओरडणं कुणी ऐकलेलं नव्हतं. शेजारचे धावत आले. त्यानंतर दोन दिवस मला जेवायला ताटावर बसता येईना.

मग कामशेतचे डॉक्टर. ते गुडघ्याकडे न बघताच म्हणाले, "वय होतं आता. प्रदक्षिणा बंद. बसून नाव घ्या देवाचं." गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं गेलं आणि पोट बिघडलं. मग वडगावला शेक देणारा एक मुलगा होता, त्याच्याकडे. तो गुडघ्याला चिकटपट्ट्या लावायचा, मशीन सुरू करायचा आणि मोबाईल बघत बसायचा. पायात मुंग्या फिरल्यासारखं व्हायचं. मशीनने टिंग केलं की पट्ट्या काढायचा आणि म्हणायचा, "उद्या या." कशाने दुखलं हे त्याने एकदाही विचारलं नाही, आणि मी काय आपण होऊन सांगणार! शेवटी मी जाताना कसंबसं विचारलं, तर म्हणाला, "ज्याने दुखतं ते करू नका, काकू."

एवढं तर मला शेळीनेही सांगितलं असतं.

पळणं बंद झालं तशी मी चिडकी झाले. आधी कधी भाकरी करपत नव्हती, ती करपायला लागली. माझे मालक तळेगावच्या बाजूला कंपनीत आहेत, पाळीपाळीने जातात. एक दिवस डबा उघडून ते मित्रांना म्हणाले म्हणे, "आज भाकरी न्हाई, कोळसा दिलाय." घरी येऊन मला म्हणाले, "अगं, नवस राहू दे थोडे दिवस. देवी काय कुटं पळून चालली न्हाई." पळून चालली नाही या शब्दावर मला एकदम रडू आलं. ते घाबरले. त्यांना वाटलं देवीचं काही बोलू नये ते बोलून गेले. लगेच कान धरले त्यांनी, देवळाच्या दिशेने.

खरं सांगायचं तर मला गुडघा बरा व्हायची तेवढी पडलेली नव्हती. गुडघे सगळ्यांचेच दुखतात. मला पळायला परत मिळतंय की नाही, एवढंच होतं. आणि ते कुणाला विचारणार, कारण मी पळायचं म्हणून पळते हेच कुणाला माहीत नव्हतं, सगळ्यांच्या लेखी तो नवस होता.

वडगावहून परत येताना आम्ही दोघी जावा स्टेशनात बाकावर बसलो होतो. शेजारी दोन पोरी होत्या, कबड्डीच्या असाव्यात, एकीच्या गुडघ्याला निळी पट्टी. ती दुसरीला सांगत होती, "लोणावळ्याच्या मॅडमनी आधी मला खेळायलाच लावलं. उडी मारून दाखव म्हणाल्या, बस म्हणाल्या, वळून दाखव म्हणाल्या. मला वाटलं बंद करायला सांगतील. तर म्हणाल्या, खेळायचंच आहे ना, मग बंद कशाला, नीट खेळायला शिकू."

माझे कान टवकारले. कुठे आहेत त्या मॅडम, हे विचारायचं होतं. मनात वाक्य तयार केलं. दोनदा घोकलं. तोंड उघडलं आणि तेवढ्यात गाडीची घोषणा झाली, पोरी उठल्या, तोंड मिटलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. काय कळलं त्यांना कोण जाणे.

"ए पोरींनो!" सगळा फलाट वळला. "कुटली गं ती डॉक्टरीण? आमच्या जावंला न्यायचीय. हिचा नवस अडलाय गुडघ्यापायी!"

पोरींनी पत्ता सांगितला. मी पदर तोंडावर घेऊन जमिनीकडे बघत होते.

लोणावळ्याला त्या मॅडमचा दवाखाना एका चिक्कीच्या दुकानाच्या वर होता, दोन जिने चढून. जाऊबाई पहिल्या जिन्यातच थांबल्या. "गुडघ्याचा डॉक्टर आन् वर बसलीय! खाली बसली असती तर निम्मी माणसं हितंच बरी झाली असती." खालून गुळाच्या पाकाचा वास येत होता आणि जिना संपेपर्यंत येत राहिला.

मॅडम तिशीतल्या असतील, केस वर बांधलेले, पायात बूट. मला खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "काय होतंय?"

"तिचा उजवा गुडघा..." जाऊबाई सुरू झाल्या.

"तुम्ही नाही मावशी, त्यांना बोलू द्या."

जाऊबाईंना आयुष्यात असं कुणी म्हटलं नसेल. त्या गप्प बसल्या, पण फुगल्या.

"कधी दुखतं? चालताना?" मॅडमनी मला विचारलं.

"चालताना नाही."

"बसल्यावर? रात्री?"

"नाही."

"मग?"

"देवीला प्रदक्षिणा घालताना."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "प्रदक्षिणा म्हणजे चालणंच ना?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. जाऊबाईंनी माझ्या वतीने पुन्हा तोंड उघडलं, मॅडमनी नुसता हात वर केला, तोंड मिटलं. मग त्या म्हणाल्या, "या, गॅलरीत चालून दाखवा मला."

लांब गॅलरी होती. मी गेले, आले.

"जरा भरभर."

गेले, आले.

"अजून जोरात. देवळात घालता तशी."

आणि पायांना काय झालं कळलं नाही. इतके दिवस कोंडून ठेवलेले. गॅलरीच्या त्या टोकापर्यंत मी सरळ पळाले, कठड्याजवळ वळले आणि तशीच परत पळत आले. थांबले तेव्हा मॅडम हसत होत्या आणि जाऊबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"अगं बया! तू तर पळतीस!"

"ताई," मॅडम मला म्हणाल्या, "ही काही प्रदक्षिणा नाही. चांगलं पळता की! किती दिवस पळताय?"

मग एकेक करून सगळं निघालं. पायात काय घालता? काही नाही, देवळात चपला कशा घालणार? खाली काय आहे? फरशी. रोज एकाच बाजूने फिरता? मला हा प्रश्नच कळेना. देवळाभोवती आणखी दुसऱ्या कुठल्या बाजूने फिरतात? मॅडमनी टेबलावर औषधाची बाटली ठेवली आणि तिच्याभोवती बोट फिरवून दाखवलं. "हे देऊळ. तुम्ही सारख्या उजवीकडे वळता. प्रत्येक कोपऱ्यावर उजवा पाय आतल्या अंगाला. वर्षभर, अनवाणी, फरशीवर. तो तक्रार नाही करणार तर काय करणार?"

मला एका पायावर उभं केलं. डाव्यावर नीट राहिले, उजव्यावर उभी राहिले तर कंबर एका बाजूला कलली. मांडीच्या बाहेरून एक जागा त्यांनी दाबली, ती गुडघ्यापासून इतकी लांब होती, आणि कळ मात्र गुडघ्यातच आली. म्हणाल्या, कंबरेची ताकद कमी पडते, तिचं काम गुडघ्यावर येतं.

मी सगळं ऐकलं. पण मला विचारायचं होतं ते एकच. ते मनात घोकायलाही वेळ मिळाला नाही.

"पळणं बंद करायचं का?"

"का बंद करायचं? तुम्हाला पळायचंय ना?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांगा."

"पळायचंय."

हे इतक्या मोठ्याने आलं की बाहेर बाकावर बसलेला माणूस वाकून आत बघायला लागला.

"मग झालं तर. थोडे दिवस व्यायाम, मग थोडं थोडं पळायचं. बूट घालून. आणि आता उलट्या दिशेनेही पळायचं, म्हणजे..."

"देवीला उलटी प्रदक्षिणा?" मी म्हटलं.

मॅडमनी जीभ चावली आणि पटकन गालात मारून घेतलं. "नाही नाही, तसं नको!" मग आम्ही तिघीही हसलो. जाऊबाई सगळ्यात जास्त. हसून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "म्हणजे देऊळ सोडायला लागणार. सरळ रस्त्यावर या. जाताना एका कडेने, येताना दुसऱ्या."

माझं हसू तिथेच थांबलं. गुडघ्याला उपाय सापडला होता, पण तो रस्त्यावर होता.

घरी येताना जाऊबाई गाडीत खिडकीशी बसल्या आणि पदराची गाठ सोडत-बांधत राहिल्या. कामशेत आलं तसं एकदम म्हणाल्या, "मंजी नवस नव्हताच?"

"न्हाई, आक्का."

"आन् मी वरीसभर धरून बसले की तुजा नवस माज्या पोराच्या लग्नाचा हाय! पोरगी सांगून आली तवा तुला साडी घेतली मी!"

"साडी परत देऊ का?"

"नेसलीस की ती गणपतीत!" मग थोड्या वेळाने माझ्या दंडाला कोपर लागलं. "चांगली पळतीस पर. हरणावानी."

मालकांना मी सांगितलं नाही, जाऊबाईंनी अंगणातूनच सांगितलं. ते आत आले, भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "मी पर्मनंट झालो ते?"

"ते तुमच्या कामाने झालात."

"मी तर सगळ्या लाईनीला पेढे वाटले. म्हनलं बायकोच्या नवसाला फळ आलं." आणि डोकं खाजवत, "आता काय ते पेढे मागारी घ्यायचे व्हय?"

व्यायाम सुरू झाले. एका कुशीवर पडून वरचा पाय उचलायचा, सावकाश खाली आणायचा. पायरीवर एका पायाने उतरायचं, गुडघा आत वळू द्यायचा नाही. मी आतल्या खोलीत दार लावून करायची. एकदा मालक चुकून आत आले. "मांजर आळस देतं तसं काय करतीस?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते जेवण झाल्यावर खाटेवर पडून हळूच स्वतःचा पाय उचलून बघत होते. मी बघितलं तर म्हणाले, "डास मारतोय."

दर थोड्या दिवसांनी लोणावळ्याला जायचं. मॅडम प्रत्येक वेळी आधी मला एका पायावर उभं करायच्या, मग गॅलरीत पळायला लावायच्या आणि मग पुढचं सांगायच्या. गुडघा दुखला तर का दुखला हे त्या शोधायच्या, आणि सापडलं की आनंदाने टाळी वाजवायच्या. मला दुखतंय आणि ही बाई टाळ्या वाजवते, असं पहिल्यांदा वाटलं. मग मीही वाट बघायला लागले टाळीची.

कंबर सरळ राहायला लागली तसं मॅडम म्हणाल्या, "आता बूट घ्या आणि रस्त्यावर या."

कामशेतला बुटांच्या दुकानात मालक बरोबर होते. दुकानदाराने विचारलं, "मुलाला का?" मी व्हय म्हणणार होते. तोंडावर आलं होतं. मालक म्हणाले, "हिला. पळायला." दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मी भिंतीवरच्या छत्र्या बघितल्या सगळ्या.

बूट दोन दिवस माळ्यावर पडून राहिले. साडीखाली बूट घालून बघितले, घरातल्या घरात फिरले, काढून ठेवले. तिसऱ्या दिवशी पहाटे जाऊबाईंनी अंगणातून हाक मारली, "बूट घातलेस का, का मी येऊ घालायला?" ती हाक आणखी दोन घरांना ऐकू गेली असेल म्हणून घाईने बूट घातले आणि बाहेर पडले.

नुकतं उजाडलं होतं. पवनेकडे जाणारा आमचा रस्ता, एका बाजूला खाचरं, दुसऱ्या बाजूला डोंगर. पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, असं मॅडमनी ठरवून दिलेलं. थोडं चालायचं, थोडं पळायचं. मी रस्त्याच्या अगदी कडेने, अंग चोरून पळत होते, जसं काही चुकून पळतेय.

मागून मोटारसायकल आली. दूधवाला, कॅन लटकवलेले. माझ्या बाजूला येऊन त्याने गाडी हळू केली, चेहरा उतरलेला.

"वयनी, बसा, सोडतो! काय झालं? कोन आजारी हाय?"

"कुणी न्हाई."

"मंग?"

"पळतीय."

"कशापायी?"

आता पुढे करायला नवसही नव्हता. "असंच," म्हटलं.

तो थोडा वेळ माझ्या बरोबरीने गाडी चालवत राहिला, काहीतरी विचार करत. मग "बरं" म्हणाला आणि वेग घेऊन पुढे गेला. मला माहीत होतं तो कुठे थांबणार. पुलाच्या अलीकडे चहाची टपरी आहे, तिथे त्याचं पहिलं दूध जातं.

मी वळणावर पोचले तर टपरीवरची सगळी माणसं रस्त्याच्या कडेला येऊन उभी. हातात कप. त्यात गुरवआबाही. मनात आलं, इथूनच मागे फिरावं. पुढे फक्त पूल होता, थोडा कमी पळून काय बिघडणार होतं? पाय हळू झाले. मग गुडघ्याकडे लक्ष गेलं. तो गप्प होता. इतके महिने त्याच्यापायी रडले, आणि आज तो काही बोलत नव्हता, तर मीच कशाला थांबू? मी मान खाली घातली आणि टपरीवरून पुढे निघाले. कुणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी पुढे गेल्यावर आबांचा आवाज आला. आबांना लांबचं दिसत नाही, पण मला ते ओळखतात माझ्या पावलांच्या ठेक्यावरून, अनवाणी काय नि बुटात काय.

"पोरी! अगं देऊळ तिकडं राहिलं मागं!"

"माहीत हाय, आबा!" मी पळता पळता ओरडून सांगितलं.

पुलावर टेकले, पाण्याकडे बघत श्वास घेतला, साडी नीट खोचली. मग रस्ता ओलांडला आणि येताना दुसऱ्या कडेने आले, मॅडमनी सांगितलं होतं तशी. टपरी त्याच कडेला होती. मी कड सोडली नाही.